मावशींचा बिनसाखरेचा चहा

मी ड्रायव्हर माणूस. तेवीस वर्षं संस्थेची जीप चालवतोय. भाषेतलं मला काही कळत नाही असं संस्थेत सगळे धरून चालतात, आणि मीही चालू देतो, कारण कळतं म्हटलं की कामं वाढतात. पण सुरय्या आपांबद्दल विचाराल तर माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. आणि जे ठाऊक आहे ते दोन वर्षं मी गिळून बसलो होतो. आता सांगतो.

आपा नगरच्या. अहिल्यानगर म्हणायचं आता, पण माझी जीभ काही वळत नाही. त्यांचे वडील शमशेरभाई बांगड्या विकायला आठवड्याच्या बाजारांना जायचे. राहुरी, नेवासा, घोडेगाव. लहानग्या सुरय्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवायचे. तिथं बायकांच्या हातात बांगड्या भरता भरता या पोरीचे कान असे तयार झाले, की काय सांगू! तुम्ही नुसती दोन वाक्यं बोला, आपा सांगणार, "माहेर नेवाशाकडचं, नांदताय राहुरीला." एकदा माझ्या मेव्हण्याला त्यांनी असंच पकडलं. तो बिचारा घाबरून घरी जाईपर्यंत बोललाच नाही.

आमची संस्था बोलींचा अभ्यास करते. म्हणजे तीस वर्षं पुस्तकांवरची धूळ झटकत होती. चार वर्षांपूर्वी वरून मोठं अनुदान आलं आणि फाटकावर बोर्ड लागला, 'भाषा तंत्रज्ञान क्षमता वृद्धी प्रकल्प'. एका खोलीला एसी बसला, नवी यंत्रं आली, पुण्याहून राजेश्वरी मॅडम आल्या. काम असं होतं की खेड्यातलं माणूस बोलेल आणि यंत्र ते आपोआप लिहील. शहरी मराठी यंत्राला जमायची. आमचं 'गेल्तो', 'हुतं' ऐकलं की ते गप्प व्हायचं. मग ठरलं, गावोगाव जायचं, माणसांना बोलतं करायचं, आवाज भरून आणायचा आणि कानानं ऐकून शब्दन् शब्द लिहायचा. तो आवाज आणि ते लिखाण दोन्ही यंत्राला द्यायचं, म्हणजे ते शिकतं. बोलतं करणं आपांचं, लिहिणं आपांचं, गाडी माझी.

देवळाली प्रवऱ्याच्या पुढं, हमरस्त्याच्या फाट्यापासून चार किलोमीटरवर, उसात एक वस्ती आहे. तिथल्या मुक्ताबाई. नवरा वारलेला, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, दारात शेवगा. बाई बोलायला बसल्या की थांबायचं नाव नाही. विहिरीचं बोलतील, बाळंतपणाचं बोलतील, भांडणं तर अशी रंगवतील की मी जीपमधून उतरून ऐकायला येऊन बसायचो. आपांना त्यांचं बोलणं इतकं आवडलं की त्या घरी आमच्या बावीस बैठका झाल्या.

त्यांना एकुलती एक लेक, शुभांगी. नर्सिंग शिकायची. आम्ही जाऊन बसलो, आपांनी छोटा माईक मुक्ताबाईंच्या पदराला लावला, की पहिलं मिनिटभर सगळे गप्प असायचे. माईक लावला की कुणालाही सुचत नाही. आणि त्या गप्प मिनिटात आतून हाक यायची, "आई, मावशींना बिनसाखरेचा ठिऊ ना?" आपांना शुगर. पहिल्याच दिवशी पोरीनं ते विचारून घेतलं होतं. बावीस वेळा गेलो, बावीस वेळा तिनं तेच विचारलं. साखर कारखान्यांच्या मुलखात बिनसाखरेचा चहा मागायचा म्हणजे लोक असं बघतात की काय वाईट झालं! ही पोर मात्र लक्षात ठेवायची. आपा आयुष्यभर एकट्या राहिलेल्या. परतताना जीपमध्ये म्हणायच्या, "मच्छिंद्र, पोटची असती तर अशीच असती."

बाविसावी बैठक माघातली. संध्याकाळी निघालो, फाट्यावर आलो आणि आपांनी कपाळाला हात लावला. संमतीच्या फॉर्मवर मुक्ताबाईंची सही घ्यायची राहिली होती, फॉर्म तिथंच चटईवर राहिला होता. प्रत्येक बैठकीला एक सही, असा नियम. आपा म्हणाल्या, "वळव जीप." मी म्हणालो, "अहो आपा, जाण्यायेण्यात अर्धा तास मोडेल. पुढं राहुरीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलीय. फोन करा की, पोरगी स्कूटीवर घेऊन येईल." त्यांनी फोन केला. शुभांगी म्हणाली, "मावशी, माघारी येऊ नका, मीच आले."

आम्ही चाळीस मिनिटं थांबलो. फोन लागेना. मी वैतागलो होतो. म्हणालो, "विसरली असेल. आजकालची पोरं. चला." आणि मी गिअर टाकला.

सकाळी कळलं. वस्तीच्या रस्त्यावर अंधारात उसाची ट्रॉली उभी होती, मागं ना दिवा, ना लाल कापड. पोरगी तिच्यावर जाऊन आदळली होती. आम्ही फाट्यावर उभे होतो तेव्हा ती दोन किलोमीटरवर पडलेली होती.

पोरगी गेली. आम्ही मुक्ताबाईंना भेटायला गेलो नाही. दोघंही. आधी तिसऱ्या दिवशी जाऊ म्हटलं, मग महिन्यानं जाऊ म्हटलं. कुठल्या तोंडानं जाणार? त्या वाटेचं कामही आपांनी घेतलं नाही पुन्हा. नेवाशाला गेलो, शनिशिंगणापूरच्या बाजूला गेलो, पार पाथर्डीपर्यंत गेलो. कधी फाट्यावरून जावं लागलंच तर मी रेडिओ मोठा करायचो. आपा डोळे मिटून घ्यायच्या.

यंदा यंत्र तयार झालं. ते तपासायला दिल्लीची समिती यायला आठच दिवस उरले होते. राजेश्वरी मॅडमनी सगळ्यांना एसीच्या खोलीत बोलावलं, मलाही, कारण नगरी बोलणारा फुकटचा माणूस मीच. मी बोललो, "काल राहुरीला गेल्तो, लई ऊन हुतं." यंत्रानं अगदी तस्संच लिहिलं. टाळ्या पडल्या. मग कुणीच बोललं नाही, मिनिटभर शांतता झाली. आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

'आई, मावशींना बिनसाखरेचा ठिऊ ना?'

खोलीत कुणी हूं की चूं केलं नव्हतं. मॅडम हसल्या, म्हणाल्या, "हे काय नवीन?" पुन्हा शांतता ठेवली. पुन्हा तेच. मी आपांकडं बघितलं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. पडद्यावर यायच्या आधी त्या ते वाक्य म्हणत होत्या!

दोन दिवस मॅडमनी यंत्र उसकटलं. मग आपांना आणि मला दार लावून बसवलं. मॅडम तशा कडक बाई, पण आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "आपा, हे वाक्य तुमच्या लिखाणात आहे. आवाजात कुठंच नाही. आवाजात तिथं शांतता आहे. म्हणून यंत्र असं शिकलं, की शांतता झाली की हेच असतं."

आपा म्हणाल्या, "माईक मुक्ताताईंच्या पदराला असायचा. आतलं त्यात येत नव्हतं. पण पोरगी बोलली होती ना, मॅडम? मी तिथं बसले होते. न लिहिलं तर ती बोललीच नाही असं होतं."

"बावीस ठिकाणी मी समजू शकते," मॅडम म्हणाल्या. "पण हे तीनशे चाळीस ठिकाणी आहे. नेवाशाच्या बैठकांत आहे. पाथर्डीच्या आहे. त्या सगळ्या ती मुलगी गेल्यानंतरच्या आहेत."

आपांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "मला ऐकू येतं. हेडफोन लावला, समोरचा माणूस थांबला, की येतं. मी जे ऐकते तेच लिहिते, मॅडम. आयुष्यभर तेच केलं."

मॅडमनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. म्हणाल्या, "हे काढावं लागेल. तीनशे चाळीस जागा साफ करून यंत्राला पुन्हा शिकवावं लागेल."

"नका काढू," आपा म्हणाल्या. आपा कुणापुढं हात जोडणाऱ्या नव्हेत, पण त्यांनी जोडले. "तिचा आवाज कुठंच नाही. एवढंच राहिलंय. पुसलं तर ती कुठंच राहणार नाही."

मॅडम म्हणाल्या, "ते तुम्हीही ठरवायचं नाही आणि मीही नाही. तिच्या आईला बोलवा."

दोन वर्षांनी आपांनी तो फोन लावला. पलीकडून मुक्ताबाई एवढंच म्हणाल्या, "येते." मी म्हटलं जीप घेऊन येतो, तर म्हणाल्या, "नगं. यष्टी हाय."

आल्या. केस पार पांढरे झालेले, हातात कापडी पिशवी. "जय भीम" म्हणाल्या आणि खुर्चीच्या टोकाला बसल्या. आपांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. फॉर्म विसरला, फोन केला, थांबलो, निघून गेलो. जीप वळवायची नाही असं मी म्हणालो होतो, ते मात्र सांगितलं नाही. मला वाचवलं. आणि मी, लाज वाटते सांगायला, गप्प बसलो.

मुक्ताबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "दाखवा."

मॅडमनी माईक पुढं ठेवला आणि कुणी बोलू नका म्हणून खूण केली. एसीचा घुर्रर्र आवाज तेवढा होता. पडद्यावर ते वाक्य आलं. मुक्ताबाई सातवी शिकलेल्या. पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत त्यांनी वाचलं. वाचून संपलं तरी बोट तिथंच होतं.

मग त्या अगदी घरातल्या आवाजात म्हणाल्या, "ठिव गं बाई."

यंत्रानं तेही लिहिलं. मायलेकींचं बोलणं एकाखाली एक. आपा तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या. मीही रडलो, खोटं कशाला बोलू. पुन्हा शांतता झाली. आणि यंत्रानं पुन्हा विचारलं, 'आई, मावशींना बिनसाखरेचा ठिऊ ना?'

"ठिव म्हनलं ना," मुक्ताबाई म्हणाल्या. थोडं थांबल्या. तेच वाक्य पुन्हा आलं. पुन्हा एकदा आलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. उठल्या आणि मॅडमना म्हणाल्या, "काढा हे."

"मुक्ताताई!" आपा कळवळल्या. "मग तिचं काहीच राहणार नाही हो."

"मग काय करू? मी व्हय म्हनलं तरी तिला ऐकू जात न्हाई. पुन्ना इचारती. पुन्ना इचारती. माज्या लेकीला किती दिस चुलीपुढं उबी ठिवनार तुमी?"

मुक्ताबाईंनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला. घड्या पडलेला, एका कोपऱ्याला तपकिरी डाग. तो फॉर्म. खाली मुक्ताबाईंची सही.

"स्कूटीच्या डिक्कीत घावला," त्या म्हणाल्या. "सई मी केल्ती तवाच. दोन वर्सं ठिवला, कुनीतरी न्यायला यील म्हनून. तुमी आलाच न्हाई, सुरय्याताई. पोरगी गेली त्याचा राग ट्रॉलीवाल्यावर. तुमी आला न्हाई, त्याचा तुमच्यावर. अजून हाय. पन हे घ्या. पोरीनं तुमच्यासाटी आनलं हुतं, तिचं काम अर्दं राहाया नगं."

आपांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला.

परतताना मुक्ताबाई जीपमध्ये बसायला तयार झाल्या. आपा शेजारी. फाटा आला. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिथं जीप वळवली, आणि वळवताना माझी नजर घड्याळावर गेली. का गेली कुणास ठाऊक. दारातल्या शेवग्याखाली जीप थांबली तेव्हा पुन्हा गेली.

चटई टाकली, बसलो. आणि ते मिनिट आलं. तेच, सगळे गप्प बसायचे ते. आम्ही तिघंही आतल्या दाराकडं बघत होतो. आतून काही आलं नाही. अर्थात येणार नव्हतंच. तरी इतकं मोकळं मिनिट मी आयुष्यात सोसलेलं नाही. आपा एकदम उठल्या आणि काही न विचारता स्वयंपाकघरात गेल्या.

तेव्हा मला धीर झाला. म्हणालो, "ताई, त्या दिवशी आपा वळव म्हणाल्या होत्या. जीप मी वळवली नाही. अर्धा तास मोडेल म्हणालो."

मुक्ताबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग विचारलं, "आज किती येळ लागला?"

"फाट्यापासून नऊ मिनिटं."

शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मी मान खाली घालून चटईच्या काड्या बघत होतो.

तेवढ्यात आतून आपांचा आवाज आला, "मुक्ताताई, मच्छिंद्रला साखरेचा ठेवू ना?"

मुक्ताबाई दचकल्या. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले नाहीत. माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. मग आत तोंड करून म्हणाल्या, "ठिवा. घील त्यो."