मोठ्या बाईंचे घोडे

मधली सुट्टी चालू होती. सातपूरच्या आमच्या शाळेत त्या वेळी फोनवर बोलणं म्हणजे कठीणच. आवारात पोरांचा कल्ला आणि रस्त्यावर पाळी सुटलेल्या कामगारांच्या मोटारसायकली. हिरा काय म्हणतेय ते आधी कळेचना. मग ती एकदम मोठ्याने म्हणाली, “लहान बाई, मोठ्या बाई गेल्या.” सकाळी त्यांनी घोड्यांना पाणी दाखवलं होतं. मग छातीत कळ आली म्हणून ओटीवरच्या खाटेवर टेकल्या. हिरा आमची जुनी विद्यार्थिनी, आता त्यांच्याच गावच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. निरोप मिळताच ती धावत आली, पण गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. फोन ठेवला आणि मी वर्गात गेले. पोरं पुस्तकं उघडून बसली होती. मला मात्र धडा कुठून सुरू करायचा ते सुचेना...

मोठ्या बाई म्हणजे विमल गांगुर्डे. पेठच्या बाजूला डोंगरात खडकपाडा नावाचं गाव आहे, तिथे चौथीपर्यंतची शाळा होती. आम्ही दोघीच शिक्षिका. त्या आधीपासूनच्या, वयानेही मोठ्या, म्हणून त्या मोठ्या बाई आणि मी लहान बाई. मी त्यांना विमलताई म्हणायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे रुजू झाले, तेव्हा जीप अलीकडच्या फाट्यावरच सोडायची. ट्रंक आणि वळकटी घेऊन मी तिथे उभी होते. समोरून एक बाई आली, साडीचा काष्टा मारलेली, घोडीवर ताठ बसलेली. दुसऱ्या एका घोड्याचा दोर तिच्या हातात होता. “नवीन बाई ना तुम्ही? ट्रंक याच्यावर टाकू. गरीब आहे तो, फक्त मागून जाऊ नका,” असं म्हणत त्या खाली उतरल्या. मी शहरात वाढलेली. घोड्यावर बसलेली बाई मी चित्रातच पाहिली होती. त्या दिवशी चढणभर मी त्यांच्या पाठीकडेच बघत चालले होते.

त्यांचे वडील नाशिकरोडला टांगा चालवायचे. भावांना टांग्याची लाज वाटायची, म्हणून लगाम धरायला शिकली ती मुलगी. पुढे त्या डीएड झाल्या, खडकपाड्याला लागल्या. त्याच सुमारास रिक्षा वाढल्या आणि टांगे एकेक करून बसले. म्हाताऱ्या घोड्यांना गिऱ्हाईक नव्हतं. लोक त्यांना नदीकाठी नाहीतर हायवेला सोडून द्यायचे. वडील गेल्यावर विमलताईंनी त्यांची राणी नावाची घोडी डोंगरात आणली. मग सुट्टीत नाशिकला गेल्या की येताना एखादं जनावर बरोबर असायचंच. कुणाच्या गळपट्ट्याखाली जखम सडलेली, कुणाचा गुडघा सुजलेला, एकाचा डोळा गेलेला. हायवेच्या कडेने, मग घाटाने, जनावराच्या चालीने चालत त्या येत. वाटेत एखाद्या गावात मुक्काम करत, तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात झोपत. मी एकदा विचारलं, “ताई, दमत नाही का हो?” त्या म्हणाल्या, “यांनी जन्मभर लोकांना ओढलं. एकदा कोणीतरी यांच्यासाठी चालायला नको?” हे त्यांनी भाजीत मीठ आहे का विचारावं इतक्या सहज सांगितलं.

ही जनावरं त्यांच्याकडे सुधारत. वर्षभरात कातडी चमकायला लागे, मान वर येई. पुढे शिंगरंही झाली. राणीचं बाळंतपण मी पाहिलं आहे. घोडी शक्यतो रात्री, आसपास कुणी नसताना विते. पण राणीने नेमकी प्रार्थनेची वेळ निवडली. शाळेमागच्या छपरात ती आडवी झाली, तशी विमलताईंनी प्रार्थना थांबवली आणि सगळ्या पोरांना कुंपणाशी ओळीने बसवलं. “बोलायचं नाय. हलायचं नाय. नुसतं बघायचं.” एरवी वर्ग डोक्यावर घेणारी ती पोरं श्वास रोखून बसली. ओलं, लांब पायांचं शिंगरू बाहेर आलं, पडलं, उठलं, पुन्हा पडलं... आणि शेवटी चारी पाय फाकवून उभं राहिलं. कुणी टाळी वाजवली नाही. पहिलीतली एक मुलगी मात्र हळूच रडायला लागली. विमलताईंनी तिला उचलून घेतलं आणि त्या दिवशी वर्गात दुसरं काहीही शिकवलं नाही.

चौथीनंतरची शाळा दरीच्या पलीकडे होती. मधे जंगल, वाट लांबची. मुलगे आश्रमशाळेत जायचे आणि मुली घरी बसायच्या. हे असंच चालत आलेलं होतं, आणि मीही ते तसंच धरून चालले होते. विमलताईंनी मात्र चौथीतल्या मुलींना घोड्यावर बसायला शिकवायला सुरुवात केली. गावात कुजबुज झाली. एका म्हाताऱ्याने वाटेत अडवून विचारलं, “बाई, घोड्यावर नवरदेव बसतो. पोरी कशाला?” त्या हसून म्हणाल्या, “बाबा, नवरदेव एक दिवस बसतो आणि मिरवतो. माझ्या पोरी रोज बसतील आणि शाळेत जातील. घोड्याला विचारा, त्याला काय आवडंल ते.” पुढच्या जूनमध्ये चार मुली निघाल्या. हिरा सगळ्यात पुढे. दप्तरं पाठीवर, पाय रिकिबीत नीट पोचतही नव्हते. समोरच्या डोंगराच्या धारेवर ती रांग चढताना दिसली, तेव्हा भात पेरणाऱ्या बायका चिखलात तशाच उभ्या राहिल्या होत्या. मीही उभी होते. तसं दृश्य मी नंतर कधी पाहिलं नाही.

पण सगळं असं सरळ गेलं नाही. हिरा सातवीत असताना तिचे वडील काशिराम यांनी तिचं लग्न ठरवलं. मुलगा खालच्या गावचा, बागायतदाराच्या घरचा. त्या लोकांना वरात घोड्यावरून हवी होती. काशिराम घोडं मागायला आला, तर विमलताईंनी साफ सांगितलं, “पोरगी अठराची झाल्याशिवाय माझं घोडं वरातीला येणार नाय. मग नवरी कुणाची का असंना.” काशिराम पाय आपटत गेला आणि त्याने नाशिकहून घोडी ठरवली. लग्नाच्या दिवशी सजवलेली पांढरी घोडी घेऊन एक दाढीवाले गृहस्थ पाणी पाजायला आमच्या शाळेशी थांबले. विमलताईंना बघताच ते ओरडले, “अरे, ये तो अपनी विमल है!” ते रहीमचाचा होते, त्यांच्या वडिलांच्या टांगास्टँडवरचे जोडीदार. विमलताई त्यांच्या पाया पडल्या. मग म्हणाल्या, “चाचा, नवरी माझ्या शाळेत शिकलेली आहे. आत्ता सातवीत आहे.” चाचांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला. मग त्यांनी एकेक करून गोंडे सोडले, झूल काढली, घडी घातली. “ऐसी बारात में मेरी घोडी नहीं जाएगी, बेटी.” काशिरामचा विसार परत करून ते आल्या वाटेने उतरले.

वरपक्ष घोडी नाही म्हणून रुसला, मग शब्दाला शब्द वाढला, आणि मांडवातून लोक उठून गेले. संध्याकाळी काशिराम शाळेवर आला. डोळे लाल, हातात काठी. “माझी लेक, माझं घर. तुमी कोन मधे पडनाऱ्या?” मी दारातच गोठले. विमलताई एका शिंगराला खरारा करत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. “काशिराम, याच्या पाठीवर हात ठेव.” त्याने काठी आणखी घट्ट धरली. “ठेव ना. किती मऊ आहे बघ. तीन वर्षं मी याच्यावर खोगीर टाकत नाय. आधी टाकलं तर पाठ बसते, मग जन्मभर ते जनावर चालतं, पण ताठ चालत नाय... आणि हिराच्या पाठीवर तू आख्खा संसार टाकायला निघालास?” काशिरामची काठी खाली टेकली. तो पुढे झाला. शिंगराच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि अंधार पडायच्या आत निघून गेला. तो वळणाआड गेल्यावर विमलताई मटकन खाली बसल्या. तो परत तर येत नाही ना, म्हणून त्यांनी मला दोनदा वळणापर्यंत बघायला पाठवलं. तेव्हा कळलं, ही बाई निडर नव्हती. भीती वाटत असतानाही ती जागची हलली नव्हती.

त्यानंतर गावाने त्यांच्याशी अबोला धरला. घोड्यांसाठी गवताचा भारा कोणी देईना, काही घरांनी पोरंही शाळेत पाठवायची बंद केली. त्या स्वतः विळा घेऊन उतारावर जात, मी मागून. पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी छपरापाशी गवताचा हिरवागार भारा पडलेला दिसला. शेजारी काशिराम उकिडवा बसला होता. “दहावी होऊ द्या तिची,” एवढंच म्हणाला. हिरा दहावी झाली, नर्स झाली, आणि पुढे स्वतःच्या पसंतीने तिचं लग्न झालं. त्या वरातीला राणीची नात नटून गेली होती, लगाम विमलताईंच्याच हातात होता.

पुढे माझी बदली झाली. दरवर्षी एकदा तरी मी जायचेच. त्या गेल्यानंतर, सगळे विधी उरकल्यावर, परवा पुन्हा गेले. आता रस्ता झाला आहे, एसटी थेट गावात जाते. घोडे हिराने आणि काशिरामने सांभाळायला घेतलेत. दुपारी शाळा सुटायच्या वेळी मी आवारात उभी होते. पटांगणाच्या कोपऱ्यात दगडांचा एक बुटका चौथरा आहे. ठेंगण्या मुलींना घोड्यावर चढता यावं म्हणून विमलताईंनी तो स्वतः रचला होता. आता दरीपलीकडच्या शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळाल्यात. त्या मुली धाकट्या भावंडांना न्यायला आल्या होत्या. सायकलवर कुठूनही बसता येतं. पण एकेक मुलगी सायकल त्या चौथऱ्याला लावत होती, दगडावर पाय ठेवून वर चढत होती, पाठ ताठ करत होती आणि मगच पायडल मारत होती. मी एकीला विचारलं, “अगं, इथूनच का?” ती माझ्याकडे चमकून बघायला लागली, जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं.

“इथूनच बसत्यात, बाई,” ती म्हणाली, आणि उतारावरून निघून गेली.