रखमाने अन्न सोडलं

महाडजवळच्या नाते गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथे गाय चारा खाईनाशी झाली की माणसं आधी हैबतीनानांकडे जात. नाना जनावराला हात न लावता उंबऱ्याबाहेर उकिडवे बसत आणि विचारत, "घरात काय बदललं?" नवी सून आली, दावं बदललं, पाणवठा बदलला, उत्तरातच दुखणं सापडायचं. दहातल्या आठ वेळा. उरलेल्या दोन वेळांबद्दल नाना बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू.

नानांनी लग्न केलं नव्हतं. घरात रखमा होती. रखमा म्हणजे घोरपड, चांगली दोन हात लांब. बांधावरचं गवत कापताना नानांच्याच कोयत्याने तिचा पाय दुखावला, तो त्यांनी कामट्या लावून बांधला, आणि बरी झाल्यावरही ती गेली नाही. दिवसभर घरामागच्या परड्यात उंदीर, चिंबोऱ्या शोधायची आणि तिन्हीसांजेला चुलीशेजारी कोमट राखेत येऊन पडायची. "नाना, काकी बऱ्या हायत ना?" असं वाडीतली टारगट पोरं विचारायची. त्यांत मीही होतो. "बऱ्या हायत," नाना म्हणत, "तुज्यापरीस कमी बोलतात."

एकसष्ट सालच्या दिवाळीत नानांचा पुतण्या मुरारी मुंबईहून पितळी स्टोव्ह घेऊन आला. वाडीतला पहिला. नानांनी चूल सारवली, तिच्यावर पाट टाकला आणि पाटावर स्टोव्ह बसवला, गणपती बसवावा तसा. मी सातवी पास, म्हणून नानांची पत्रं माझ्याकडे. "स्टोव्ह उत्तम चालतो. धूर नाही," असं मुरारीला दोनदा कळवलं.

पौषात रखमाने अन्न सोडलं. नानांनी तिला कोंबडीचं अंडं दिलं, ते चौथ्या दिवशी तिने जसंच्या तसं ओकून टाकलं. डोळे खोल गेले, शेपटीच्या बुडाशी हाडं दिसू लागली. नानांनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. किराईताचा काढा पाजायला गेले तेव्हा तिने फक्त तोंड फिरवलं. "चावली असती तर बरं वाटलं असतं," नाना म्हणाले. आजाऱ्याला वारं लागू नये म्हणून तिला गोणपाटात गुंडाळून मडक्यांमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं. सगळ्या वाडीची गुरं बरी करणारा माणूस तिथे तासन्‌तास नुसता बसून राही. आम्ही काकींची चौकशी करणं बंद केलं.

शेवटी एक दिवस म्हणाले, "महाडला येतंस का रे? दवाखान्यात शिकलेला मानूस लागंल."

"डॉक्टर मराठीच बोलतात, नाना."

"तरी ये."

एस.टी.त कंडक्टरने रखमाच्या टोपलीकडे बोट दाखवलं. नाना म्हणाले, "घरचं मानूस हाय." त्याने पुढे विचारलं नाही.

डॉक्टर भला माणूस. टोपलीत वाकून बघितलं आणि म्हणाला, "नाना, मी बैलांचा डॉक्टर. हिच्या तोंडात काय द्यायचं ते मला शिकवलेलं नाही. खोटं औषध देणार नाही." आम्ही बाहेर अंगणात बसलो. भर दुपार. रखमा टोपलीतून उतरून तापलेल्या कातळावर पसरली आणि घटकाभराने तिने चक्क जीभ बाहेर काढली. "डाक्तराच्या हाताला गुण हाय," नाना म्हणाले. घरी येऊन त्यांनी तिला पुन्हा गोणपाटात गुंडाळलं. सकाळी ती पुन्हा लाकडासारखी पडलेली, श्वास तेवढा चालू.

दुसऱ्या दिवशी शेजारची तुळसाकाकी आली. हातात रिकामी खापरी, कपाळाला आठ्या.

"भाऊजी, माजी म्हस पान्हा चोरते."

नानांनी मान वर केली नाही. सवयीने विचारलं, "घरात काय बदललं?"

"माज्या घरात काय बदलायचं? बदललं तुमच्यात. चार पावलांवरून विस्तव न्यायची मी. आता खापरी घेऊन वरच्या आळीला जाते. यायला उशीर होतो, म्हस ताटकळते. तुमची चूल थंड नि हाल माज्या म्हशीचे."

नानांनी मान वर केली. स्टोव्हकडे बघितलं, मग गोणपाटाकडे.

"मानसाची आग पोटात असते," ते हळूच म्हणाले. "हिची चुलीत व्हती. मीच विझवली गो."

त्याच दिवशी स्टोव्ह फडताळावर गेला आणि चूल पेटली. रखमा राखेत. ऊन चढलं की नाना तिला परड्यातल्या कातळावर नेऊन ठेवत आणि कावळे हाकलत बसत. तिसऱ्या दिवशी जीभ हलली. खाणं मात्र नाहीच. नानांनी मला बोलावलं.

"लिही. स्टो बेस हाय."

"लिहिलं."

"पन रखमाला सोसत नाय."

"मुरारीदादाला वाईट वाटेल, नाना."

नानांनी विचार केला. "मग असं लिही, तू आलास की तुजा चहा स्टोवरच."

पत्र टाकायला द्यायचं म्हणून आठव्या दिवशी सकाळी मी निघालो, तर नानांच्या दारात तुळसाकाकी खापरी घेऊन उभी. नानांनी आतून हात वर केला.

"हळू. जेवतेय."

चुलीपाशी रखमा मान ताणून गिळत होती. चिंबोरीचा एक पाय अजून तोंडाबाहेर हलत होता. ओढ्यातून नाना पहाटे ती घेऊन आले असावेत. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं.

तुळसाकाकी उंबऱ्यावर टेकली आणि खापरी मांडीवर ठेवली.

"म्हस ताटकळली तर मला बोलू नका," ती अगदी हळू म्हणाली.