नकाशावरची भागीरथी

निवृत्त झालेला मनुष्य भाजी निवडू लागतो, नातवंडांना छळतो, नाहीतर वर्तमानपत्रांना पत्रं लिहितो. धारवाडचे भूगोलाचे मास्तर मुकुंदराव यांना यातलं एकही काम आपल्या तोलाचं वाटेना. त्यांनी देश काढला. लोक दुकान काढतात, तसा. १९९४ साली सुभाष रोडवरून रंगीत पेन्सिली आल्या, जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी एकमेकींना चिकटल्या आणि माजघराच्या भिंतीवर पृथ्वीवर कुठेही नसलेला मेघावती नावाचा देश पसरला. देशात सपाट जमीन औषधालाही नव्हती, नुसत्या टेकड्या. त्यांच्या पत्नी श्यामलाबाई यांना त्या भिंतीवर खुंटी ठोकायची बंदी झाली आणि घरातले ओले पंचे तेव्हापासून देशाबाहेर वाळू लागले.

टेकडी म्हटली की तिला नाव, आणि नाव म्हटलं की त्याला इतिहास. एका टेकडीवर दोन राक्षस ताकाच्या लोट्यावरून भांडले होते. दुसरी दर अमावास्येला थोडी पुढे सरकायची, त्यामुळे तिच्या पायथ्याचं गाव सदा बोचकी बांधून बसलेलं. शिवाय नावं वाटण्यात मुकुंदरावांचा हात भलताच सढळ. न्हाव्याला टेकडी, दाताच्या डॉक्टरला टेकडी, रोज पेपर उसना नेणाऱ्या शेजारच्या वेंकटेशलासुद्धा टेकडी. जन्मभर पाण्यात पाहणाऱ्या हेडमास्तरांनाही एक मिळाली, बोडकी आणि काटेरी.

"अक्का, ह्यात तुमचं गुड्ड कुठलं री?" वेंकटेशनं एकदा नकाशासमोर उभं राहून एकेका टेकडीवर बोट ठेवत विचारलं.

"माझं गुड्ड मोरीत आहे, खरकट्या भांड्यांचं," श्यामलाबाई म्हणाल्या. "बघायचं तर बघून जा."

पण खरा सल वेगळा होता. मेघावतीतल्या सर्वांत उंच डोंगराचं नाव होतं भागीरथी. ते मुकुंदरावांच्या आईचं नाव, आणि श्यामलाबाईंचंही. अळणावर गावच्या शेतकऱ्याच्या घरात त्या भागीरथी म्हणूनच वाढल्या. लग्न ठरलं तेव्हा सासूचं नावही तेच निघालं. एका घरात एका नावाच्या सासू-सुना कशा चालणार? कुणी सासूला हाक मारली तर सुनेनंच ओ द्यायची, हा केवढा अनर्थ! मग ताटात तांदूळ पसरले, मुकुंदरावांनी अंगठीनं त्यात 'श्यामला' लिहिलं, सगळ्यांना पेढे मिळाले. सासूबाई पुढे वारल्या. त्यांचे दागिने सुनेकडे आले, सोवळ्याची भांडी आली, गुडघेदुखीसुद्धा आली. नाव तेवढं आलं नाही.

"एखादी छोटीशी टेकडी काढा की माझ्या माहेरच्या नावाची," एकदा जेवताना त्या म्हणाल्या. हे बोलायला त्यांना बरीच वर्षं लागली होती.

"श्यामलागिरी काढतो ना! झकास."

"ती श्यामला तुम्ही रचलेली. मला माझं नाव पाहिजे."

"अगं, भागीरथी आधीच आहे. एका नावाचे दोन डोंगर असले तर वाटसरू चुकेल." जिथे वाटसरूच नव्हता, तिथल्या वाटसरूची एवढी काळजी! त्यांनी आमटी वाढून घेतली आणि विषय संपला. म्हणजे त्यांचा संपला.

२००२ साली गावातल्या मराठी मंडळींनी मुकुंदरावांचं व्याख्यान ठेवलं. नकाशा गुंडाळून रिक्षातून सभागृहात गेला. श्यामलाबाई मागून चालत. व्याख्यान रंगलं. शेवटी मास्तरांचा आवाज चढला. "मेघावतीत किती राजे आले, किती गेले. पण एकानेही कुठल्याच टेकडीचं मूळ नाव पुसलं नाही. मूळ नाव पुसणं म्हणजे तिचा जन्मच पुसणं!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

अध्यक्षांनी प्रश्न विचारायला सांगितलं. बायकांच्या रांगेतून श्यामलाबाई उठल्या.

"टेकडीचं पुसायचं नाही, हे कळलं. बायकोचं पुसलं तर तुमच्या मेघावतीत काय शिक्षा आहे?"

सभागृह हसलं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता, तरी ते प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामलाबाई स्वयंपाकघरात विळीवर दोडका चिरत होत्या. माजघरातून हाक आली, अडखळत, घसा खाकरून:

"भागीरथी..."

त्या ताडकन उठल्या. डोक्यावर पदर ओढला, विळी बाजूला सारली आणि खाली मान घालून दाराशी उभ्या राहिल्या. सासूबाई यायच्या तेव्हा राहत, तशा.

कुणीच आलं नाही. मग हाक आपल्यालाच होती हे त्यांच्या लक्षात आलं आणि स्वतःचीच इतकी चीड आली की डोळे भरून आले. आयुष्यभर ज्याच्यासाठी जीव तळमळला ते नाव दारात आलं, आणि त्या दुसरीच्या वाटेतून बाजूला झाल्या!

आतून पुन्हा हाक आली, या वेळी जरा मोठ्यानं. श्यामलाबाईंनी ओ द्यायला तोंड उघडलं, पण भागीरथी कुठल्या आवाजात ओ द्यायची तेच त्यांना आठवेना.