जोडीनंच वाजणाऱ्या पेट्या

वाळलेलं पान मुठीत चुरगळावं तसा खर्र आवाज. टेपवर ढोलकीची थाप पडली की माझ्या स्टिरिओच्या दोन स्पीकर-पेट्यांपैकी एकीतून तो यायचा. इतकी वर्षं लोटली, पण अजून कानात आहे. कारण त्याच आवाजानं मला किसनरावांच्या दारात नेऊन उभं केलं.

सेलूच्या स्टेशन रोडवरचं त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं, फळ्यांच्या दाराचं दुकान तेव्हा नवंच होतं. मी शाळेत मराठी शिकवायचो. मुलांनी चालीवर म्हटलेल्या कविता टेप करायच्या आणि संध्याकाळी ऐकत बसायचं, हा माझा नाद. किसनरावांनी पेटीची जाळी काढली, वूफरच्या, म्हणजे आतल्या मोठ्या स्पीकरच्या, कागदी कोनावर चार बोटं ठेवून तो अलगद आत दाबला. कडेच्या फोमचा भुगा त्यांच्या बोटांना लागला.

"गुरुजी, ह्यो गेला. पर बदलायचे तर दोन्ही बदला."

"दुसरा चांगला वाजतोय की!"

"वाजतोय, पर थकलाय. शेजारी नवा आला की ह्यो दबून बसतो. मग तुमची निम्मी पोरं कविता म्हणायलेत अन् निम्मी गप, असं ऐकू येईल."

वूफर जोडीनंच बदलायचे, ही त्यांची रीत. पंचाहत्तरी आली तरी सुटलेली नाही. माझा तो थकलेला वूफर त्यांनी टाकला मात्र नाही. अंथरुणाला खिळलेल्या एका शेजाऱ्यांच्या रेडिओला तो लाकडी खोक्यात बसवून दिला, आणि मला ते पुष्कळ दिवसांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

या रीतीपायी गिऱ्हाइकं रुसायची. गावातल्या जमीनदारीण भागीरथीबाई तर भर दुकानात म्हणाल्या, "एक बैल लंगडला म्हणून जोडी बदलतेत का रे, किसन?"

"न्हाई, बाईसाहेब. पर म्हाताऱ्या बैलासंगं गोऱ्हा जुंपला तर तास सरळ पडंल का?"

"लय शहाणा झालास! एकच बसव, न्हाईतर राहू दे," असं म्हणून त्यांनी चांगली पेटी गड्याच्या डोक्यावर परत नेली. फाटक्या वूफरची पेटी दुकानातच राहिली. किसनरावांनी तिला हात लावला नाही.

पुढं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव पेटलं. किसनराव नामांतराच्या मोर्चात उघड चालले होते. भागीरथीबाईंचे पुतणे विरोधकांत पुढं होते. एका दुपारी शाळेत कुजबुज आली की जमाव निघालाय, आज किसनचं दुकान जाळणार. मी तसाच धावत गेलो. सगळा रस्ता बंद, एकटं यांचंच दार उघडं.

"किसनराव, उठा. माझ्या घरी चला."

"अन् ह्या पेट्या? लोकायनी भरवशानं ठेवल्यात, गुरुजी. त्यांच्याबी हायेत, आमच्याबी. टाकून कसा येऊ?"

"अहो, जीव राहिला तर पेट्या!"

"तुमी जावा. तुमाला लेकरंबाळं हायेत."

मला जाववलं नाही. आम्ही फळ्या लावल्या, आतून अडसर घातला. किसनराव सोल्डरिंगची कांडी घेऊन कामाला बसले. कोपऱ्यावर घोषणा ऐकू येऊ लागल्या. मग जवळ आल्या. आणि फळीवर धाडधाड थापा पडल्या.

किसनराव, निरोगी राहा, शंभरी गाठा, असं आज तुमच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात सगळे लिहितील, मीही लिहितो. पण त्या क्षणी त्या फळीकडं बघत मी तुमच्यासाठी हेच मागितलं होतं: या माणसाला आयुष्य दे. ते मागणं मी अजून सोडलेलं नाही.

किसनरावांनी उठून अडसर काढला.

दारात भागीरथीबाई उभ्या होत्या. डोईवर पदर, मागं गडी, गड्याच्या डोक्यावर पेटी.

"दुसरीबी आणलीय. बसव दोन्ही," त्या म्हणाल्या, आणि रस्त्याकडं तोंड करून उंबऱ्यावर मांडी घालून बसल्या. "सावकाश कर. तुझं काम होईस्तोवर मी हितून उठत न्हाई."