शेवटचा टॅब

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — काय ठाऊक. बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून.

पेडण्याजवळच्या एका शाळेत मी सातवीला शिकवते. शाळा बंद पडून सगळं शिकणं मोबाईलवर आलं, त्या वर्षी कोणीतरी आमच्या शाळेला टॅब दिले. ज्या मुलांकडे फोन नाही, त्यांच्यासाठी. घरोघरी जाऊन बघा आणि यादी द्या, असं हेडमास्तर म्हणाले. घरोघरी? त्या रोगाच्या दिवसांत? मी आपली घरी बसून नंबर फिरवले. कोणी उचलला की लिहायचं — फोन आहे. नसलेला फोन लागणार कसा? हसू येतं ना? मलाही तेव्हा आलं होतं.

शेवटचा एक टॅब उरला. मी यल्लाप्पाला फोन लावला. बेळगावकडचा गवंडी, त्याची लक्ष्मी माझ्या वर्गात, गणितात सगळ्यांच्या पुढे. मागे काँक्रीटच्या मिक्सरची घरघर. "फोन माझ्याजवळच असतोय की बाई," तो ओरडून म्हणाला, "पोरगी घरात असत्या."

ऐकलं मी. नीट ऐकलं. तरी लिहिलं — फोन आहे. आता कुठे बांधकाम दिसलं की मी रस्ता बदलते. आणि आमच्याकडे बांधकाम कुठे नाही?

माझ्या नणंदेची मुलगी त्याच वर्गात होती. घरात दोन फोन, पण स्क्रीन लहान, पोरीचे डोळे दुखतात, म्हणून नणंद रोज माझं डोकं खायची. तिच्या मुलीच्या नावापुढे मी लिहिलं — फोन नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी — नाही, तरी काय कमी होतं? पण यल्लाप्पा विचारायला दारात आला, तेव्हा मी म्हटलं, "मी नाव घातलं होतं हो. भांडलेसुद्धा. वरून कापलं." त्याने हात जोडले. लक्ष्मी वर्षभर मोबाईलवरच्या वर्गात दिसली नाही. शाळा उघडल्यावरही आली नाही. मी चौकशी केली नाही. खरं सांगू? ती येईल याचीच भीती वाटायची.

परवा पाहुण्यांना सोडायला मांद्र्याच्या एका गेस्ट हाऊसवर गेले. जिन्यात लक्ष्मी, हातात मळक्या चादरींचा ढीग. पळून जावंसं वाटलं मला. तिने ढीग खाली ठेवला, माझ्या पाया पडली आणि मालकिणीला हाक मारून म्हणाली, "ह्या आमच्या बाई. टॅबसाठी माझ्या बाजूनं एकट्या भांडलेल्या."

मालकिणीने खुर्ची पुढे केली. मी बसले.