पाना मावशीने काढलेल्या मुठी

पाना मावशी गुडघ्याच्या ऑपरेशनला एकटीच जाणार आहे, हे संध्याकाळपासून माझ्या डोक्यातून जात नाही. खरं तर मी का तिची काळजी करावी? गेलं वर्षभर या बाईचं नुसतं नाव निघालं तरी माझ्या पोटात दुखतं.

ट्रामच्या वाटेवर जाणारे सगळे तिला ओळखतात. खाणीतला दगड आणायला पूर्वी तिथून ट्राम चालायची. भरलेले डबे घोडे ओढायचे, म्हणून चढ अगदी नावापुरता. पुढे रूळ उखडून चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी पक्की वाट केली. चाकाच्या खुर्च्याही जातील असं जाहीर झालं. पण मोटारसायकली अडवायला जे फाटक बसवलं, त्यात नेमकी खुर्चीच अडकायची. मावशी तेव्हा एका हॉस्पिटलात खुर्च्या आणि स्ट्रेचर दुरुस्त करायची. तिने एक रिकामी खुर्ची आणून फाटकात अडकवली आणि शेजारी डबा उघडून जेवायला बसली. नगरपालिकेचे साहेब आले, "बाई, उठा," म्हणाले. "खुर्ची निघाली की उठते," ही म्हणाली. फाटक रुंद होईपर्यंत तिचं दुपारचं जेवण रोज तिथेच झालं.

मग ट्रामच्या जुन्या शेडची किल्ली तिच्याकडे आली. तिथे ती तीनचाकी, हाताने चालवायच्या, दोघांनी मिळून चालवायच्या अशा सायकली भाड्याने देते. खिशात कायम पाना, म्हणून पाना मावशी. शेडमागच्या खोलीत एकटीच राहते. एक कॉट, एक शेगडी, खिडकीत रॉकेलमध्ये भिजत घातलेली बेअरिंगं. आणि खुंटीवर माझ्या लेकीचा निळा स्वेटर. तो मी घरभर शोधत होते.

तिचा एक नियम आहे. खुर्ची शेडमध्ये आली की मागच्या ढकलायच्या मुठी ती पान्याने सोडवते आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवते. घरी जाताना परत मिळतात. सोबत आलेल्या आया, भाऊ, नवरे हातांचं काय करावं ते न कळून उभे असतात. माझी लेक सव्वीस वर्षांची आहे. तिच्या खुर्चीच्या मुठींना माझ्या हातांचा आकार आलाय, आणि या बाईने त्या पहिल्याच दिवशी, माझ्याकडे न बघता, दोन मिनिटांत उतरवल्या.

गेल्या रविवारी मी हट्टाने सोबत गेले. वळणावर ओल्या पाचोळ्यात लेकीचं चाक घसरलं. मी धावले, पण धरायला मूठ नाही, म्हणून खुर्चीची पाठ धरून ओढली. खुर्ची वाटेत आडवी फिरली.

"आई, सोड!"

मावशी खिशात हात घालून उभी होती. "ताई, तिने हाक मारली का तुम्हाला?"

"हाक मारेपर्यंत पडली असती की!"

"पडली असती तर हाक मारली असती."

लेकीने खुर्ची मागे घेतली, कडेने वळवली आणि निघून आली. घामाने थबथबलेली, हसत. "मावशी, बघितलंस?" मी तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तिने आधी बघितलं ते मावशीकडे.

घरी आल्यावर हे म्हणाले, "या मावशीपेक्षा जावई परवडला असता तुला." मला हसू आलं नाही.

आज संध्याकाळी लेक म्हणाली, "मावशी महिनाभर नाहीये. शेड मी बघणार. तिथेच राहणार."

"मला कधी विचारलंस?"

"विचारत नाहीये गं, सांगतेय."

"मग रोज डबा घेऊन येते."

"नको. बोलावीन तेव्हा ये."

बोलण्याची ही ढब माझ्या घरातली नाही. कुठून आली ते मला पक्कं ठाऊक आहे.

"आणि तिच्याजवळ हॉस्पिटलात कोण?"

"कोणी नाही. नर्स असतात की, म्हणते."

लेक जाणार. हे मला थांबवता येणार नाही. पण मी घरात बसले तर दुपारपर्यंत काहीतरी निमित्त काढून शेडच्या दारात उभी असेन, एवढी मी स्वतःला ओळखते. महिनाभर मला दुसरीकडे कुठेतरी असायला हवं. आणि ती बाई तिकडे पाण्याचा ग्लास कोण देतंय याची वाट बघत पडून राहणार, हेही सहन होत नाही. यात माया किती आणि जळफळाट किती, मला वेगळं काढता येत नाही. निदान माझी लेक तिच्याशी काय बोलते, जे माझ्याशी बोलत नाही, ते तरी कळेल.

मावशीचा नंबर मी लेकीच्या फोनमधून मागेच उतरवून घेतला होता, भांडायला. झोपली असेल तर उठू दे. हॉस्पिटल कोणतं आणि तारीख कोणती, एवढं विचारायचं, आणि ती नको म्हणायच्या आत सांगून टाकायचं की मी येतेय. लावतेच आता फोन.