जमिनीवर अंथरलेला भारत

मुलुंड पूर्वेला मिठागरांच्या बाजूला जी जुनी मराठी शाळा आहे, तिथल्या शर्मिष्ठाबाई तावड्यांनी चौथीतल्या पोरांना बूट घालून भारताच्या नकाशावर नाचवलं आणि एकाला त्यावर चक्क मुतायला लावलं! दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या मंगळवारी ही बातमी संध्याकाळपर्यंत बाईंच्याच बिल्डिंगचे चारही मजले चढून गच्चीवर पोचली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या शकुने तर बाईंना पोलीस किती वाजता घेऊन गेले तेही सांगितलं. नेमक्या त्या वेळी बाई शकुच्याच डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, कोथिंबीर निवडत बसल्या होत्या.

तर, बूट नव्हते. बूट-चपला वर्गाबाहेर ओळीत लावूनच पोरं आत येत. नाचही नव्हता, त्या वर्गात शिंकायलासुद्धा परवानगी लागे. तिसरी गोष्ट मात्र झाली होती. ती कशी झाली, हे कोणी विचारलंच नाही.

बाईंचं वय सत्तावन्न, गुडघ्यांचं सत्तरच्या पुढे. वडील परळच्या गिरणीत, गाव कणकवलीकडे, आणि जीभ तिथल्या कोकमासारखी. बिल्डिंगमध्ये कोणाकडे नवीन जावई आला, की चहा यायच्या आत बाई त्याला त्याच्या जिल्ह्याचे तालुके विचारणार. एक जावई चौथ्या तालुक्याला अडला आणि पुढची दोन वर्षं सासुरवाडीला फिरकला नाही, असं त्याची सासू आजही सांगते. वर्गात एखाद्याचं चुकलं की बाई म्हणत, "घरी जाऊन बापाला विचार, गावाला जाताना पनवेलवरून जातो की श्रीलंकेवरून."

अशा या बाईंची दोन वर्षांपूर्वी फजिती झाली होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी चौथीच्या वर्गाला विचारलं, "उत्तर दिशा कुठे?" एकतीस बोटं एकदम पंख्याकडे गेली. पोरांचं काय चुकलं? नकाशा भिंतीवर टांगलेला, त्यात उत्तर वर, म्हणजे छताकडे. साहेब हसले, मुख्याध्यापिका विनिताबाई हसल्या, आणि शर्मिष्ठाबाईंना रात्रभर तो पंखा दिसत राहिला.

सकाळी त्यांनी ठरवलं, नकाशा खाली उतरवायचा. एवढा मोठा नकाशा आणायचा कुठून? शाळेच्या अडगळीत गळतीखाली अंथरायला एक फ्लेक्स पडला होता, दहा बाय दहाचा. पुढच्या बाजूला संस्थेचे कार्याध्यक्ष दशरथराव, हात जोडलेले, मिशा हातभर, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. मागची बाजू पांढरी स्वच्छ. बाईंनी तो गच्चीवर आणला आणि तीन रविवार त्या गुडघ्यांवर बसून ऑइलपेंटने भारत काढला. "बाई, रांगोळीचं कंत्राट घेतलंत काय?" असं विचारायला बिल्डिंगमधला एकही माणूस चुकला नाही.

वर्गात तो दिशा जुळवून अंथरला: भारत वर, दशरथराव खाली, पालथे. काश्मीर ठाण्याच्या बाजूला आलं, गुजरात येऊरच्या डोंगराकडे, ओडिशा खाडीकडे. पोरं नकाशातून चालायला लागली. महिन्याभरात उत्तर विचारली की झोपेतून उठवलेलं पोरही ठाण्याकडे बोट करू लागलं. सव्वीस वर्षं चौथीला शिकवून बाईंना पहिल्यांदा आपण भूगोल शिकवतोय असं वाटलं. निवृत्ती मे महिन्यात होती. तोवर हा वर्ग आणि हा नकाशा, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या मंगळवारी विकी अरबी समुद्रात उभा होता. विकी म्हणजे बाजारात मासे विकणाऱ्या सोनूबाईचा नातू. त्याने करंगळी दाखवली.

"आधी लक्षद्वीप दाखव, मग जा."

"बाई, जोराची आलीय."

"कोळ्याचा पोर ना रे तू? बेट सापडत नाही? शोध."

वर्ग हसला. विकी केरळच्या बाजूने शोधत राहिला. पाचेक मिनिटांनी लक्षद्वीप त्याच्या पायाखालीच सापडलं, पण तोवर उशीर झाला होता.

दारात प्रांजलची आई डबा घेऊन उभी होती. तिने मघापासून मोबाईलवर चित्रण चालवलं होतं, तेही कौतुकाने. शेवटी काय झालं ते दारातून तिला कळलंच नाही; 'किती छान शिकवतात बाई' असं लिहून तिने ते पुन्हा न बघताच पालकांच्या ग्रुपवर टाकलं. त्यात शेवटी पोरं समुद्रातून मागे पळतात, फ्लेक्सचा कोपरा उलटतो, आणि दोन सेकंद दशरथरावांचा अर्धा चेहरा दिसतो. एक ओघळ त्यांच्या मिशीच्या दिशेने निघालेला असतो.

विनिताबाई सांगतात, दशरथरावांनी त्या ठिकाणी चित्रण तीनदा थांबवून पाहिलं. पण 'माझ्या तोंडावर' असं माणूस म्हणणार कसा? म्हणून ते म्हणाले, "देशावर!"

फर्मान निघालं: शनिवारी पालकसभेत नवा नकाशा भिंतीवर लावायचा, हार घालायचा, आणि बाईंनी त्याला नाक लावून माफी मागायची. मागितली तर मेपर्यंत चौथी त्यांच्याकडे. नाहीतर रेकॉर्ड रूममध्ये जुन्या हजेरीपटांना लेबलं चिकटवायची.

बाई नाक लावणार होत्या. वर्गापुढे नाक काय चीज? बुधवारी भाकऱ्या थापताना त्या माफीचं भाषण पाठ करत होत्या, ते वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होतं.

गुरुवारी त्या बांगडे घ्यायला गेल्या. सोनूबाईने सुरीवरून मान वर केली नाही.

"नातू घरीच बसलाय. पोरं त्याला 'अरबी समुद्र' म्हणतात. रिक्षावालासुद्धा म्हणतो, समुद्र आला, सीट पुसा." तिने बांगड्याचं डोकं उडवलं. "तुला त्याची करंगळी दिसली नाही काय गं, बाई?"

"दिसली."

"मग?"

बाई पिशवी घेऊन निघाल्या. बांगडे तिथेच राहिले.

शनिवारी हॉल भरला होता. एवढे पालक निकालालाही येत नाहीत. बिल्डिंगमधून शकुसकट सातजण गेले होते, त्यांतल्या पाचांचं पोर त्या शाळेत नव्हतंच. सोनूबाई विकीला दंडाला धरून घेऊन आली होती. बाई एकेक पायरी मोजत स्टेजवर चढल्या, हार घातलेल्या नकाशाशेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी माइक घेतला.

"विकी, तू करंगळी दाखवलीस आणि मी तुला सोडलं नाही. वर्गाला हसवायला तुझी चेष्टाही केली. चूक माझी. मी तुझी माफी मागते."

एवढं बोलून त्या खुर्चीकडे वळल्या. विकीने आजीच्या पदरात तोंड घातलं. विनिताबाई कुजबुजल्या, "बाई, नकाशा राहिला. लावा ना नाक, एका मिनिटाचं काम." दशरथराव उठून उभे राहिले आणि माइक नसतानाही शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडले, "आणि देशावर पाय ठेवलात त्याचं काय?"

यावर बाई जे बोलल्या त्यामुळे त्या सोमवारी रेकॉर्ड रूममध्ये गेल्या, त्या आजतागायत तिथेच आहेत. नवा नकाशा भिंतीवर आहे, हार सुकला आहे. चौथीला उत्तर विचारली की नव्या बाईंची पोरं पुन्हा पंखा दाखवतात. विकी शाळेत येतो. त्याला अजूनही समुद्रच म्हणतात. शकु म्हणते, बाईंनी त्या दिवशी तोंड मिटून नाक टेकवलं असतं तर सगळं वाचलं असतं, आणि लगेच पुढे तेच वाक्य बाईंच्याच आवाजात म्हणून दाखवते:

"साहेब, देशावर पाय ठेवूनच सगळे उभे आहेत, तुम्हीसुद्धा. दुखतंय ते खाली तुमचं तोंड होतं म्हणून."